पायाआडचा माणूस

त्याला सगळे खटक्या म्हणायचे. नाव ठेवताना कोणी फार डोकं चालवलं नव्हतं. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, आणि गुडघ्याशी एक कडी. उभं राहायचं तर कडी खाली सरकवून पाय ताठ करायचा, बसायचं तर कडी वर ओढायची. दोन्ही वेळेला आवाज एकच, खट्. शाळेच्या पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी तोंडून ‘खटक्या’ निघालं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे घरातलेही तेच म्हणायला लागले. एकटी आई तेवढी ‘बाळा’ म्हणायची, तीही चिडली नसेल तर.

तीन वर्षांचा असताना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना पाय घेऊन गेला.

आपल्याला लपता येत नाही, हे त्याला फार लवकर कळलं. लपंडावात राज्य कुणावरही असो, पहिला सापडायचा तो हाच. चालताना त्याचं एक पाऊल पडायचं आणि एक वाजायचं. आईला तो जिन्यात असतानाच कळायचं, वडिलांना वर्तमानपत्रातून मान वर न काढता कळायचं. घरात कुणी गुपचूप येऊ शकत नसेल तर तो एकटा खटक्या.

दादा त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दादाने त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं आणि शाळेचे तीन जिने पाठुंगळी घेऊन चढवलं. कामाला लागल्यावरसुद्धा आधी ह्याला वर्गात सोडायचा आणि मग कामावर पळायचा. कुणी चिडवलं तर दादाचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. दादा होता म्हणून खटक्याला शाळेत कोणी ढकललं नाही. हे त्याने पुढेही कधी नाकारलं नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

गल्लीच्या टोकाला एक न्हावी होता. चाळिशीचा, एकटा, केस कापताना स्वतःशीच गुणगुणणारा. खटक्या खुर्चीत बसायला लागला की तो अदबीने विचारायचा, “साहेब, कडी तुम्ही ओढता की मी ओढू?” बाकी सगळे न विचारता ओढायचे. दहा-बारा वर्षांच्या पोराला ‘साहेब’ म्हणणारा आणि विचारून हात लावणारा गावात तो एकच.

खटक्या तेरा वर्षांचा असताना एका रविवारी गल्लीत कुजबूज सुरू झाली. न्हाव्याच्या खोलीवर एक माणूस येतो. न्हावी तसला आहे. एवढंच, ह्यापुढे कुणी काही बोललं नाही. ‘तसला’ ह्या शब्दात सगळं आलं. दुपारी गल्लीत ओरडाआरडा झाला, काचा फुटल्याचा आवाज आला. संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. आई रॉकेलचा बोळा घेऊन ते घासत बसली.

“काय करून आलास हे?” आईने विचारलं.

“साफसफाई,” दादा म्हणाला.

वडील म्हणाले, “बरं झालं. पोराबाळांची गल्ली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने नेहमीसारखं त्याला पाठीवर घेतलं. खटक्याचे हात दादाच्या गळ्यात आणि दादाचे हात त्याच्या मांड्यांखाली. वळताना दादाने सायकलला हात टेकवला तेव्हा त्याच्या नखांत डांबर दिसलं. न्हाव्याचं शटर काळंकुट्ट झालं होतं. फुटक्या आरशाचे तुकडे कुणीतरी झाडून गटाराशी लोटले होते. न्हावी गेला तो गेलाच. खटक्याने दादाच्या गळ्यातले हात सैल केले. का केले ते त्याला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

सांगता आलं ते दीड-दोन वर्षांनी. खेळाच्या तासाला मास्तर त्याला मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसवायचे. मुलांचे शर्ट आणि घड्याळं सांभाळणं हे त्याचं काम. मुलं धावायची, हा बघायचा. आपल्याला त्यांच्या पायांचा हेवा वाटतो, असं तो बरेच दिवस धरून चालला होता. वाटणारच, त्यात नवल काय? मग एकदा वर्गातला सगळ्यात जोरात पळणारा मुलगा धापा टाकत कट्ट्याशी आला आणि बुटाची नाडी बांधायला ह्याच्या खांद्यावर हात टेकून एका पायावर उभा राहिला. चार-पाच सेकंदच. नाडी बांधली, शर्ट घेतला, गेला. खटक्या तिथेच बसून राहिला. त्याला कळून चुकलं होतं की त्याला त्या मुलाचे पाय नको होते. आणि पाठोपाठ डोळ्यांपुढे आली ती दादाची नखं.

तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूप लावलं. खरं तर त्याला फारसं लपवावंही लागलं नाही, कारण लंगड्या माणसाबद्दल लोकांची एक पक्की समजूत असते. त्याला भूक लागते, झोप लागते, राग आला तरी लोक चालवून घेतात. पण त्याचा जीव कुणावर जडेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. घरात कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की मावशी त्याच्या देखत उसासा टाकायची, “आपल्या ह्याला कोण देणार गं पोरगी!” मग सगळे त्याच्याकडे कीव करून बघायचे. तो मान खाली घालायचा, आणि मान खाली घातल्यावर मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचा. पायाने त्याचं फार काही नेलं होतं, पण ह्या एका बाबतीत पाय त्याची ढाल होता.

एकोणिसाव्या वर्षी तो चष्म्याच्या दुकानात लागला. मालकीण नवऱ्याच्या मागे एकटीने दुकान चालवणारी. सगळे तिला नुसतं बाई म्हणायचे. बाईंच्या बोलण्यात साखर कमीच. पहिल्या दिवशी त्यांनी त्याचा पाय बघितलाच नाही, हात बघितले. “थरथरत नाहीत ना? मग बस.” मागच्या खोलीत भिंगं घासायचं चाक होतं. पाण्याची बारीक धार सोडून भिंगाची कड फ्रेमच्या मापाला घासून आणायची. केसभर जास्त घासली तर भिंग फ्रेममध्ये डुगडुगतं, केसभर कमी घासली तर फ्रेम तडकते. खटक्याचा हात असा बसला की बाई दोन वर्षांत काम तपासायच्या बंद झाल्या.

मीटरवाला आला तेव्हा खटक्या सत्तावीस वर्षांचा होता. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे ही त्याची नोकरी, आणि तो तीनला आठ वाचायला लागला होता. अर्ध्या वस्तीच्या शिव्या खाऊन शेवटी साहेबांनीच त्याला चष्मा करायला धाडलं होतं. चष्मा तयार झाला. तो बसवताना काड्या कानामागे नीट वळवाव्या लागतात, त्यासाठी दोन्ही हातांची बोटं गिऱ्हाइकाच्या कानांमागे न्यावी लागतात. खटक्याने हे हजारो वेळा केलं होतं. मीटरवाल्याने डोळे उघडले, समोर बघितलं आणि एखाद्या पोरासारखा हसला. “अरे! तुमच्या भुवईत तीळ आहे!”

आठवड्याने तो स्क्रू सैल झाला म्हणून आला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा स्क्रू घट्ट होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

दुकानाचा मीटर मागच्या खोलीत होता. बाई दुपारी दोन ते चार घरी आडव्या व्हायच्या. मीटर महिन्यातून एकदाच वाचायचा असतो, म्हणून तोही महिन्यातून एकदाच यायचा, एक तारखेला, अडीचच्या सुमाराला. दुकानासमोर इस्त्रीवाल्याचं टेबल. तो दिवसभर ह्याच दिशेला तोंड करून उभा, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणून मीटरवाला आत शिरताना “मीटर!” अशी आरोळी ठोकायचा आणि जाताना आकडा मोठ्याने म्हणत बाहेर पडायचा. खटक्या आधीपासूनच कडी वर करून बसून राहायचा, मधे खट् वाजायला नको. महिन्यातली ती वीस मिनिटं. त्यातली पाच तर ते नुसते कान टवकारून बसायचे. असं तीन वर्षं चाललं.

आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना खटक्याला स्थळ आलं.

मुलगी वहिनीची मावसबहीण. पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला. लहानपणी भाजल्यामुळे डाव्या गालापासून मानेपर्यंत कातडी आवळलेली. आईबाप नाहीत, मामाने वाढवलेली. वहिनीनेच शब्द टाकला होता. घरात असा आनंद झाला की बघायला नको. दादा तर गहिवरला.

“इतकी वर्षं मी तुला पाठीवर वाहिलं,” तो म्हणाला, “मी नसलो तर तुझं कसं, ह्या विचाराने मला झोप लागत नाही रे.”

“मला लग्न नको, दादा.”

“लाजतोय बघा!” वहिनी म्हणाली, आणि सगळे हसले.

वडील म्हणाले, “आपण नाही म्हणणारे कोण लागून गेलो? दगडापेक्षा वीट मऊ.”

त्या महिन्याच्या एक तारखेला त्याने मीटरवाल्याला सांगितलं. मीटरवाल्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, “करून टाक. मीही कधीतरी करीन. सगळेच करतात.” खटक्याने कडी खाली ढकलली. खट्. दोघांच्या त्या वीस मिनिटांत तो आवाज पहिल्यांदाच झाला. मीटरवाला दचकला, घाईने उठला आणि आकडा ओरडायचा विसरूनच बाहेर गेला.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मामा मुलीला घेऊन आला. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ‘त्यांना जरा बोलू द्या’ म्हणून दोघांना आतल्या खोलीत बसवलं. दार लोटलेलं, पण पलीकडे पाच जोड्या कान.

“पाय दुखतो का?” तिने विचारलं.

“थंडीत.”

“माझं उन्हात चरचरतं.” तिने गालाला हात लावला. “मी अशी सातव्यांदा बसलेय. थापा मला लांबून ओळखू येतात. तुमच्या मनात काहीतरी आहे. सरळ बोला.”

आपली ह्या बाईशी काहीच ओळख नाही, असं त्याच्या मनात आलं. कदाचित म्हणूनच जमलं असेल. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “मला बायकांबद्दल तसं काही वाटत नाही. पुरुषांबद्दल वाटतं. पहिल्यापासून.” हे शब्द तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता. आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटला.

तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“मग मला कशाला बोलावलंत?”

“मी नाही बोलावलं.”

“थांबवलंतही नाही!” ती दबक्या आवाजात फणकारली. “ह्यासाठी मी नवे कपडे शिवले. सकाळपासून आरशासमोर होते. तुमचा जीव जीव, आणि माझा काय भुसा?”

तिने नव्या कपड्यांवरची चुणी हाताने सरळ केली. मग उठली. “बाहेर मी नाही म्हणते. तुम्ही तोंड उघडू नका. आजवर सहा नकार ऐकलेत, एक देऊन बघते.”

बाहेर जाऊन ती सरळ म्हणाली, “मला पसंत नाही.”

मग मामा उठला. “काय म्हणालीस? आरशात बघितलंयस कधी? ह्या लंगड्यालासुद्धा तू नाही म्हणतेस?”

“मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता गं!” वहिनी रडकुंडीला आली.

मामाने तिचा दंड पकडला. “चल घरी. उद्यापासून कारखाना बंद. फार पंख फुटलेत. घरात बसशील तेव्हा अक्कल येईल.”

ती फरशीकडे बघत उभी होती. मामाची बोटं तिच्या दंडात रुतलेली खटक्याला आतल्या खोलीतून दिसत होती. तो गप्प राहिला असता तर सगळं निभावलं असतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. तिने स्वतः होऊन सगळं अंगावर घेतलं होतं. त्याचा हात कडीवर होता.

खट्.

सगळ्यांनी वळून बघितलं. तो चौकटीला धरून दारात उभा होता.

“तिने नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं.”

“तू गप्प रे,” दादा म्हणाला.

“दादा, मला बाई नको. मला पुरुष आवडतात.” आणि कुणाला कळलं नसेल म्हणून त्याने त्यांचाच शब्द वापरला. “मी तसला आहे.”

वडिलांनी बाजूचं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. आई टेबल पुसत होती, ती एकच जागा पुसत राहिली. दादा आधी हसला. “चेष्टा करतोय,” तो मामाला म्हणाला, “पहिल्यापासून असाच आहे.” मग त्याने खटक्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

जन्मात कधी दादाने खटक्यावर हात उगारला नव्हता. ती थप्पड बसली आणि ताठ पायाचा खटक्या भिंतीला उभी केलेली शिडी घसरावी तसा आडवा झाला. दादा सवयीने खाली वाकला, त्याला उचलायला दोन्ही हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबला. ते हात तसेच अधांतरी राहिले. मामाने भाचीला जवळजवळ पळवत बाहेर नेलं. तिने दारातून एकदा मागे वळून बघितलं.

पाहुणे गेल्यावर दादा त्याच्यापाशी बसला आणि त्याने कॅलिपरचे पट्टे सोडले. मांडीचा, गुडघ्याचा, पोटरीचा. त्याच्याइतके ते कुणालाच ठाऊक नव्हते. कॅलिपर त्याने लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. खटक्याचा फोनही काढून घेतला.

“डोकं ठिकाणावर येईपर्यंत पाय मिळणार नाही,” तो म्हणाला. “आणि तो कोण ते सांग. नाव सांग.”

“कोणी नाही.”

“कोणीतरी आहे. तुला एवढी जीभ कुणीतरी दिलीय.”

तीन दिवस दादा कामावर गेला नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तोच प्रश्न. कधी ओरडून, कधी समजुतीच्या सुरात, एकदा तर रडत. “तुला नादी लावलं रे कुणीतरी. तू भोळा आहेस. फक्त नाव सांग, तुला मी काही करणार नाही.” ‘तुला’ हा शब्द तो ज्या पद्धतीने म्हणायचा त्यावरून खटक्याला ती डांबराची नखं आठवायची. वहिनी माहेरी निघून गेली होती. वडील त्याच्याशी बोलत नव्हते आणि त्याच्याकडे बघतही नव्हते. खटक्या पलंगावरून न्हाणीघरात बसून सरकत जायचा आणि सरकत यायचा. पाचव्या वर्षी कॅलिपर मिळाल्यापासून तो असा सरकला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी दादाने शर्ट घालता घालता सहज म्हणावं तसं म्हटलं, “आज दुकानासमोर बसतो. इस्त्रीवाल्यापाशी. तीन दिवस तू गायब आहेस, कोण ना कोण चौकशी करत येणारच.”

आज एक तारीख होती.

मीटरवाला अडीचला येणार. आत शिरून हाक मारणार. खुर्ची रिकामी दिसली की दुकान सांभाळत बसलेल्या बाईंना विचारणार, ‘आज ते कुठे गेले?’ आणि समोर दादा. मागच्या वेळेला तो दचकून, घाईने गेला होता, तेव्हा येणार नाही अशी एक आशा होती. पण मीटर वाचणं ही त्याची नोकरी होती. येणारच.

दोन वाजले. वडील जेवून झोपले होते. खटक्या पलंगावरून खाली उतरला. दारात चपला होत्या, त्यातल्या दोन त्याने हातांत घातल्या आणि बसल्या बसल्या दारापाशी आला. दाराची कडी वर होती. उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. त्याने चौकटीला धरून उठायचा प्रयत्न केला, दोनदा घसरला. मागे पावलं वाजली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या हातांतल्या चपलांकडे. पुढे आली, वरची कडी काढली, आणि परत आत गेली. आतून नळाचा आवाज सुरू झाला, जरा मोठाच.

दोन मजले तो एकेक पायरी बसत उतरला. खालच्या मजल्यावरचे काका दारातच होते. “अरे, पडलास की काय?”

“नाही काका. निघालोय.”

रस्त्यावर ऊन होतं. चपला घातलेले हात पुढे टाकायचे, धड ओढायचं, मागून डावा पाय फरफटत यायचा. माणसं थांबून बघत होती. एका बाईने आपल्या मुलीचं तोंड दुसरीकडे वळवलं. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट जपली होती. वाजत का होईना, पण उभ्याने चालायचं. आज अख्खी गल्ली त्याला रांगताना बघत होती, आणि त्याला फक्त एवढंच कळत होतं की वेळ कमी आहे.

कोपऱ्यावर आला तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच दिसल्या. इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी स्टुलावर बसलेला दादा, आणि पलीकडच्या टोकाने खांद्याला पिशवी लावून येणारा मीटरवाला. दादाच्या समोरच दुकान. मीटरवाला दुकानापासून वीस पावलांवर होता.

खटक्याने छाती फाटेल अशी हाक मारली. “दादा!”

सगळा रस्ता वळला. दादा ताडकन उठला. मीटरवाला जागच्या जागी थांबला. त्याने जमिनीवरचा खटक्या बघितला, त्याच्याकडे धावत निघालेला माणूस बघितला. चष्मा नाकावर सरळ केला. आणि मग चष्म्याच्या दुकानाच्या दोन दुकानं आधीच आत वळून त्याने आरोळी दिली, “मीटर!”

दादा खटक्याच्या समोर उभा होता. त्याची सावली ह्याच्या अंगावर पडली होती.

“ऊठ,” तो दात आवळून म्हणाला, “लोक बघतायत.”

“पाय दे. उठतो.”

दादाने त्याला काखेत हात घालून उचलायला घेतलं. खटक्याने अंग चोरलं. “हात लावू नकोस.”

“खटक्या!”

“विचारल्याशिवाय हात लावू नकोस, दादा.”

दादाचा चेहरा असा झाला जसं काही त्यालाच कुणी मारलंय. भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. तेवढ्यात बाई दुकानाच्या पायरीवर आल्या. कारागीर नाही म्हणून तीन दिवस त्यांची दुपारची झोप बुडाली होती आणि त्या चांगल्याच वैतागलेल्या होत्या.

“तीन दिवस कुठे होतास?” त्या म्हणाल्या, “अकरा चष्मे पडलेत. आत ये.”

तो त्यांच्या बाजूने सरकत आत गेला. दादा मागोमाग पायरीपर्यंत आला. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “चष्मा करायचाय? मग या आत. नसेल करायचा तर दार अडवू नका.”

बाईंना सगळं कळलं, कारण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं. त्या खटक्याला म्हणाल्या, “मला काही सांगू नकोस. मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायचं माझं वय नाही. मागच्या खोलीत खाट आहे, तिथे राहा. तुझ्यासारखी भिंगं दुसरं कोणी घासत नाही.” पुढे त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. दुकानाची काच दोनदा फुटली. काही गिऱ्हाइकं तुटली. त्यांतली बरीचशी दुसरीकडचे डुगडुगणारे चष्मे घेऊन वर्षभरात परत आली.

दादाने कॅलिपर दिला नाही. नवा करून मिळायला पाच आठवडे लागले, तोवर खटक्या कुबड्यांवर होता. दादा आजही त्याला बघून रस्ता बदलतो. वडील गेले तेव्हा खटक्याला तिसऱ्या दिवशी, तेही परक्याकडून कळलं.

आई तिसऱ्या महिन्यात आली, डोळे तपासायच्या निमित्ताने. तो भिंगं बदलत राहिला, ती अक्षरं वाचत राहिली. मधेच म्हणाली, “तुझ्या पायासाठी मी बारा वर्षं रडले. आता ह्यासाठी रडायला माझ्याकडे पाणी उरलेलं नाही.” ही माफी होती की तक्रार, ते त्याला कळलं नाही. चष्मा घ्यायला ती स्वतःच आली. नंतरही दर दोन-तीन महिन्यांनी तिची काडी सैल व्हायची.

बाइंडिंगवालीचं काम सुटलं नाही. “मामाला आता तुमच्यापुढे मी सोज्वळ वाटते,” असं तिने दुकानात येऊन सांगितलं आणि ती मोठ्याने हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “मी नव्हतं सांगितलं बोलायला. पण बोललात ते बरं केलंत.” अजूनही ती अधूनमधून येते, उभ्या उभ्या भांडते आणि जाते.

मीटरवाल्याने त्या दिवसानंतर आपला भाग बदलून घेतला. नवा माणूस मीटर वाचायला यायला लागला. चार महिने गेले. खटक्याला मीटरवाल्याचा राग यायचा आणि दुसऱ्याच क्षणी त्याची भीती समजायची. दोन्हींची त्याला सवय होत आली होती. मग एका सकाळी, दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना, तो आरोळी न ठोकता आला आणि खुर्चीत बसला.

“नंबर वाढलाय,” तो म्हणाला. बाई गल्ल्याशी होत्या. त्याने आवाज खाली आणला. “त्या दिवशी मी पुढे आलो नाही.”

“तू येऊ नयेस म्हणूनच तर मी आलो होतो.”

“तरी यायला पाहिजे होतं.”

“हो,” खटक्या म्हणाला. “यायला पाहिजे होतं.” आणि त्याने पहिलं भिंग चढवलं.

ह्याला बारा वर्षं झाली. आता ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतात. घरमालकाला मावसभाऊ म्हणून सांगितलंय. घरमालक हुशार आहे, त्याने पुढचं काही विचारलेलं नाही. पण उद्या विचारणार नाही असं नाही, तेव्हा सामान फार वाढवलेलं नाही. दारावर थाप पडली की अजून दोघं आधी एकमेकांकडे बघतात. मग मीटरवाला चष्मा लावतो, उठतो आणि विचारतो, “कोण?”